धार चांगली, डोकं गरम

“मुततेय तर मस्त! मग पाण्याचा प्रॉब्लेम आहे कुठे?”

शेठ टेस्ट टँकच्या कडेला उभे राहून ओरडत होते. ओरडावंच लागायचं. आमचं वर्कशॉप म्हणजे काशीमीऱ्याला हायवेलगतचा पत्र्याचा गाळा. आत मोटरचा आवाज, बाहेर ट्रकांचा. टँकच्या काठावर लावलेली ती जुनी मोटर धडधडत होती आणि तिच्या कुशीतून पाण्याची जाड धार टँकमध्ये पडत होती.

शेठनी वापरलेला शब्द सभ्य नाही, हे मला कळतं. पण आमच्या धंद्यात त्या धारेला दुसरा शब्द नव्हता. कंपनीचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. मोटर ‘मुतते की नाही’ हेच मालक विचारायचा, मेकॅनिक विचारायचा आणि गिऱ्हाइकाच्या घरातल्या बायकाही विचारायच्या. मी या लेखात तिला नुसती धार म्हणतो.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेली मोटर. वर इंजिन, खाली पाण्यात बुडालेला पाय आणि त्याला पंखा. मोटरगाडीसारखा रेडिएटर तिला नसतो. ती ज्या पाण्यात चालते तेच पाणी ओढून घेते आणि स्वतःला थंड करते. पायात एक रबरी फूल फिरत असतं, त्याला इम्पेलर म्हणतात. ते पाणी वर ढकलतं. पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरतं आणि धुराबरोबर खाली निघून जातं. त्यातलंच थोडंसं एका बारीक नळीतून बाहेर पडतं. ती धार. ती दिसली की होडीवरचा माणूस निर्धास्त.

मोटरचा मालक इनास मात्र निर्धास्त नव्हता. तो बाकावर पाय वर घेऊन बसला होता. भाईंदरजवळच्या उत्तनचा ख्रिस्ती कोळी, चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, मोजकं बोलणारा. त्याची तक्रार एकच होती. “मिस्तरी, निंगते झोकात. मधी गेल्यावर दमते. डोका तापते नि बंद परते.”

त्याच मोटरसाठी तो तिसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा दिवाळीनंतर आला, तेव्हा इम्पेलर झिजला होता. मी नवा टाकला. दुसऱ्यांदा आला, तेव्हा मी परत पाय उघडला. इम्पेलर ठीक होता. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती सोडायचं ते ठरवणारी झडप, अर्धवट अडकली होती. ती बदलली. आता मार्च संपत आला होता आणि मोटर पुन्हा दमत होती.

माझ्या स्वभावात एक खोड आहे. कुणाचंही काही बिघडलं की मला वाटतं, मीच बिघडवलं. सोसायटीची लिफ्ट अडकली तरी मी आधी आठवतो की शेवटचा मी कधी चढलो होतो. बायको म्हणते, तुम्हाला गुन्हा करायची गरजच नाही, शिक्षा तुम्ही आधीच भोगून ठेवता. त्यामुळे इनास तिसऱ्यांदा दारात दिसला तेव्हा मागच्या दोन्ही वेळी मी काय काय उघडलं ते मी आठवायला लागलो.

शेठना तसं काही होत नसे. ते म्हणाले, “कदम, सिंपल गोष्ट आहे. माणूस पाणी पितो, पाणी सोडतो, तरी ताप उतरत नाही. मग काय समजायचं? आतला माल खलास. पिस्टन, रिंगा, सगळं. आता ही मोटर म्हातारी झाली. जुनी ठेवून घेऊ, नवी देऊ. इनासभाई, स्कीम चालू आहे.”

“नवी नको,” इनास म्हणाला.

“का नको?”

“ही माज्या बापासची हाय.”

“अरे, बाप किती वर्षं चालवणार?”

इनासने मान फिरवून मोटरकडे पाहिलं. शेठनी विषय बदलला. मनहरशेठ वाईट माणूस नव्हते. मोटर भर समुद्रात बंद पडली तर काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. म्हातारी मोटर दुरुस्त करत राहण्यापेक्षा ती मोडीत काढणं त्यांना खरोखरच पुण्याचं काम वाटायचं. त्यात धंदाही होता, ही वेगळी गोष्ट.

मी मोटर बंद न करता वरचं झाकण काढलं. इंजिनाला दोन सिलिंडर होते, एकावर एक. मी बोट टँकमध्ये बुडवून खालच्या सिलिंडरच्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, थेंब टाकला. थेंब ओघळून गेला. वरच्यावर टाकला. छस्स करून उडाला. इस्त्रीवर टाकल्यासारखा.

एकाच इंजिनात खालचा थंड आणि वरचा इस्त्री.

मग मी पुन्हा धारेकडे बघितलं. आणि इथे मला जे आधी दिसायला हवं होतं ते दिसलं. धार जास्तच जोरात होती. या मॉडेलची धार मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. ती करंगळीएवढी असते. ही अंगठ्याएवढी होती. या जुन्या मॉडेलमध्ये धारेची नळी पाणी सिलिंडरकडे पोचायच्या आधीच मुख्य वाटेपासून वेगळी होते. म्हणजे धार एवढंच सांगते की पंप जिवंत आहे. पुढे पाणी पोचलं की नाही, ते तिला माहीत नसतं. आमच्या मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या बिल्डिंगमध्ये खालच्या टाकीत टँकर धो धो रिकामा होतो, आणि चौथ्या मजल्यावर आमचा नळ फुसफुसतो, तसंच. आणि पुढची वाट बुजली असेल, तर सगळं पाणी धारेतूनच जाणार. धार दणदणीत होणार.

“शेठ, आतला माल चांगला आहे,” मी म्हणालो. “वरच्या सिलिंडरची पाण्याची वाट बंद आहे. हेड उघडायला लागेल.”

शेठनी मोटर बंद केली. गाळ्यात एकदम शांत झालं. “हेड? या मोटरचं? बोल्ट बघितलेस?”

बोल्ट मी बघितले होते. खाऱ्या पाण्यात इतकी वर्षं काढलेल्या मोटरमध्ये स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा ब्लॉक एकमेकांना असे धरून बसतात की सोडायला गेलं की बोल्टच्या मानेचा तुकडा पडतो. तो आत तुटला की ड्रिल मारा, आटे काढा, आणि बहुतेक वेळा ब्लॉक भंगारात.

“तुटला तर मोटर मेली,” शेठ म्हणाले. “मग हा म्हणणार, तुमच्या वर्कशॉपने मारली. आज निदान स्कीममध्ये तरी चालेल. नाही, कदम. माझ्या गाळ्यात हे हेड उघडायचं नाही.”

“मग नवी घेऊ दे म्हणता?”

“घेऊ दे. आठवड्यात येईल.”

इनास बाकावरून उठला. “आठवडा न्हाय माज्याकडं. अवसेचा उधान हाय.”

हे शेठना कळलं नाही. मला कळलं, कारण इनासने ते मला आधी सांगितलं होतं. त्यांची डोल, म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं मोठं जाळं, उधाणाच्या दिवसांतच लागतं. पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या सुमाराला पाण्याला जोर असतो, तेव्हा जाळं सोडायचं. मधल्या भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या, दिवसांत ते काढून सुकवायचं. खुंटांची जागा ज्या त्या घराची असते. कागद नसतो, पण सगळ्या गावाला माहीत असतं. आणि त्यांच्या आळीतला एक नियम असा की ज्याचं जाळं लागोपाठ दोन उधाणं लागलं नाही, त्याची जागा त्या मोसमापुरती मोकळी. मागणारा दुसरा तिथे डोल बांधू शकतो. आणि एकदा दुसरा बांधायला लागला की पुढच्या मोसमात परत मिळवायला भांडण लागतं.

पौर्णिमेचं उधाण इनासचं मोटर दमण्यात गेलं होतं. आता अमावास्येचं. नवी मोटर येईपर्यंत तेही गेलं असतं. आजोबांनी मारलेले खुंट, आणि त्यावर शेजाऱ्याची डोल.

“दुसऱ्या कुणाची होडी घे ना,” शेठ म्हणाले.

“उधानात कोन आपली होडी देल? सगल्यांनाच जावाचा हाय.”

मी शेठना म्हणालो, “तुमच्या गाळ्यात नको तर यांच्या अंगणात उघडतो. उद्या माझी रजा धरा.”

“रजा? कसली रजा? आणि दुकानाचे टूल न्यायचे नाहीत.”

“माझे आहेत.”

“आणि गॅस्केट? हेड उघडल्यावर नवं गॅस्केट लागेल. स्टोअरमधून या मोटरसाठी एक वॉशरसुद्धा बाहेर जाणार नाही, सांगून ठेवतो.”

हेड आणि ब्लॉकच्या मधे जो पत्रा बसतो तो गॅस्केट. तो जुना परत बसवला तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. त्याच्याशिवाय जाण्यात अर्थ नव्हता. मी ॲप्रन काढला, गाळ्याच्या मागच्या दाराने बाहेर पडलो, वळसा घालून पुढच्या रस्त्यावर आलो आणि शेठच्याच सुट्या भागांच्या दुकानाच्या काउंटरपुढे गिऱ्हाईक म्हणून उभा राहिलो.

“एक हेड गॅस्केट द्या,” मी म्हणालो. मॉडेल सांगितलं.

काउंटरवरच्या शिर्केने माझ्याकडे पाहिलं, मग आतून येणाऱ्या शेठकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. पण त्यांचा सगळा जन्म काउंटरमागे गेला होता, आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

“बिल बनव,” ते शिर्केला म्हणाले. “डिस्काउंट देऊ नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तनला इनासच्या अंगणात होतो. मोटर माडाच्या ओंडक्यावर टांगली होती. रात्रीच इनासने माझ्या सांगण्यावरून बोल्टांवर रॉकेल सोडून ठेवलं होतं. त्याची बायको नातालीन चुलीवर पाणी उकळत होती. चहासाठी नव्हे, बोल्टसाठी. गरम फडकं भोवती ठेवलं की ॲल्युमिनियम जरा फुगतं आणि बोल्टची पकड सैल होते.

नातालीन उंच, सडपातळ, जिभेची तिखट. बाजारात मासळी विकणारी. तिने मला आल्या आल्या सांगितलं, “मिस्तरी, तिसऱ्या टायमाला मोटर उघडतोस. या टायमाला जेवून जा न्हायतर मोटर नीट करून जा. दोनी नको म्हनू.”

“दोन्ही करतो, ताई.”

“बघू.”

बोल्ट सोडण्याची एक रीत आहे. सोडायचा असेल तर आधी किंचित आवळायचा. सरळ उलटा जोर लावला तर तो तुटतो. आवळल्यावर गंजाची पकड मोडते, ‘कर्र’ असा बारीक आवाज येतो, मग उलट. पुन्हा रॉकेल, पुन्हा आवळ, पुन्हा उलट. पहिले बोल्ट असे निघाले. प्रत्येक ‘कर्र’ला इनास पापण्या मिटायचा.

शेवटचा वरच्या कोपऱ्यातला होता. तो आवळेना आणि सुटेनाही. पान्याच्या दांड्याला मला एक मऊपणा जाणवायला लागला. मेकॅनिकला तो ओळखता येतो. बोल्ट फिरत नसतो, पिळत असतो. त्यानंतर येतो तो ‘टक’.

मी पाना सोडला. डोक्यात शेठचा आवाज होता: आज निदान स्कीममध्ये तरी चालेल. मला वाटलं, मी एका हट्टापायी या माणसाची मोटर आणि जागा दोन्ही घालवतोय. मी म्हणालो, “इनास, हा तुटू शकतो. तुटला तर संपलं. अजून थांबायचं असेल तर थांबू. मी हेड परत आवळतो, तुम्ही शेठकडे नेऊन द्या.”

नातालीन चुलीपाशी उभी होती. तिने गरम पाण्याचं फडकं आणून बोल्टवर दाबलं, हात भाजत असताना दाबून धरलं.

“ती नेऊन दिली तर जागा जाते,” ती म्हणाली. “ही तुटली तरी जागा जाते. मग तोडून तरी बघ. हात लावल्याबिगर न्हाय द्याची.”

मी पाना उचलला. रॉकेल सोडलं. पान्याला जोर न लावता नुसतं हातोडीने त्याच्या दांड्यावर टिचक्या मारत राहिलो. आवळीच्या बाजूला एक, सोडीच्या बाजूला एक. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. नातालीनने फडकं दोनदा बदललं. मग ‘कर्र’ झालं. इतकं बारीक की मला वाटलं भास आहे. इनास म्हणाला, “आयला.” तेव्हा कळलं की त्यालाही ऐकू आलं.

हेड उघडलं. खालच्या सिलिंडरभोवतीची पोकळी जरा मळकट, पण मोकळी. वरच्याभोवती पोकळीच नव्हती. तिथे पांढरा-राखाडी दगड होता. गिलावा करून भिंत बुजवावी तसा. मी पेचकसाने खरवडलं. खडे पडले. जिभेला लावले. मीठ. त्यात थोडी माती, पण मुख्य मीठ.

सिलिंडरची भिंत मात्र आरशासारखी होती. एक ओरखडा नव्हता. मी इनासचं बोट धरून त्यावरून फिरवलं. “बघा. बापाची मोटर म्हातारी नाही. तिचा गळा दाबलाय कुणी तरी.”

पण मला ते कोडं सुटेना. समुद्राच्या पाण्याने आत मीठ धरतं हे खरं. म्हणून तर मोटर रोज गोड्या पाण्यात चालवून धुवायची असते. दिवाळीनंतर मोटर बसवून द्यायला आलो तेव्हा मीच नातालीनला ते शिकवलं होतं. ड्रममध्ये पाणी भरा, मोटर त्यात बुडवा, रोज होडी आली की थोडा वेळ चालवा. आणि इनासच्या घरी ते रोज चालायचं हे मला पक्कं माहीत होतं, कारण शेजारी आवाजाने कावले होते. मग एवढं मीठ कुठून?

“ताई, धुता कसं ते जरा दाखवा.”

नातालीनने मला घराच्या बाजूला नेलं. पत्र्याच्या छपराखाली मोठा निळा ड्रम, वर लाकडी फळी, फळीवर गोणपाट. तिने गोणपाट अशा जपणुकीने काढलं जसं देवघराचा पडदा काढावा. आत पाणी होतं. वर तेलाचा सप्तरंगी तवंग. “यात ठेवाची. चालवाची. मग फडक्यान पुसाची. एक दिस चुकला न्हाय. आंगात ताप होता तवा पन.”

मी तवंग बाजूला सारून बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. लगेच थुंकलो. समुद्राचं पाणी इतकं खारट नसतं.

“हे पाणी कधीचं आहे?”

“तू सांगितला तवाचा.”

“दिवाळीपासून?”

“मधी कमी होते तवा भर घालते. विहिरीचा.”

त्यांची विहीर समुद्रापासून दगड मारण्याच्या अंतरावर होती. उन्हाळ्यात ती मचूळ व्हायची.

मी ड्रमच्या कडेला हात ठेवून उभा राहिलो. रोज मोटर समुद्रातून येत होती, अंगातलं मीठ ड्रममध्ये सोडत होती. तापलेल्या पत्र्याखाली, गरम मोटरमुळे पाणी उडत होतं, मीठ राहत होतं. वरून मचूळ पाण्याची भर. आणि मोटर बंद झाली की ते दाट पाणी वरच्या सिलिंडरच्या कोपऱ्यात अडकून, गरम धातूवर वाळून, थरावर थर चढवत होतं. भाईंदरच्या मिठागरांत हेच करतात. नातालीनने अंगणात एक छोटं मिठागर चालवलं होतं आणि मी त्याचा सल्लागार होतो.

“ताई, पाणी रोज बदलायचं असतं.”

“रोज? एवढा डरम? पानी कुठशी आनू? टँकर येते आठवड्यात एकदा, तवा हंड्यासाठी मारामारी होते. पियाचा पानी मोटरला घालू, पोरांना काय घालू?” मग तिचा आवाज चढला. “तू बोल्लास गोड्या पान्यात चालव. गोडा पानीच भरला. एक पूर्ण टँकरचा वाटा भरला, सगल्या आळीन शिव्या घातल्या. बदल म्हनून कवा बोल्लास?”

बोललो नव्हतो. आठवून पाहिलं, तरी नव्हतो. कंपनीच्या पुस्तकातही ‘बदला’ असं नव्हतं, कारण पुस्तक लिहिणाऱ्याच्या देशात नळ उघडला की पाणी येत असेल. पण मी कुठे त्या देशात राहत होतो? माझ्या न्हाणीघरात ड्रम होता. माझी बायको आंघोळीचं पाणी फरशी पुसायला आणि फरशीचं संडासात टाकायला ठेवायची. ड्रमातलं पाणी फेकायचं नसतं हे मीरा रोडला राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. आणि तरीही मी दर गिऱ्हाइकाला ‘ड्रम भरा’ असं सांगत सुटलो होतो, जणू ड्रम हवेने भरतो.

“चूक माझी आहे, ताई,” मी म्हणालो. “मोटर तुम्ही नाही, मी बंद पाडली. मागच्या वेळी उघडली तेव्हाही मला कळलं नाही. हे तुमचं नुकसान—”

“हां, चूक तुजीच हाय,” ती म्हणाली. “आता ते काय मिसाला बोल. हतं रडू नको. दगड काड.”

मिसा म्हणजे त्यांची चर्चमधली रविवारची प्रार्थना. आयुष्यात पहिल्यांदा मी कबुली दिली आणि समोरच्याने ती अर्ध्यावर तोडली. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मीठ गरम पाण्यात विरघळतं, पण त्याच्यात चुन्यासारखा जो थर मिसळलेला असतो तो नुसत्या पाण्याने जात नाही. त्याला आंबट लागतं. वर्कशॉपमध्ये आम्ही ॲसिड वापरायचो, पण ते ॲल्युमिनियमही खातं, आणि मी ते आणलंही नव्हतं. मी नातालीनला विचारलं, “घरात व्हिनेगर आहे?”

ती हसली. पहिल्यांदाच. “माज्या घरात? सिरका?” आतून तिने चिनी मातीची बरणी आणली. ताडीचा सिरका, घरी लावलेला, भाचीच्या लग्नाच्या मटणासाठी राखून ठेवलेला. झाकण काढताच डोळ्यांत पाणी आलं. तिने तो तपेल्यात कोमट केला. मी कापडाच्या चिंध्या भिजवून पोकळीत ठासल्या. तांबड्या चिंध्यांतून बुडबुडे निघायला लागले. इनास कान लावून ऐकत होता. “शिजते,” तो म्हणाला.

थर मऊ झाला की खरवडायचा, पुन्हा चिंध्या, पुन्हा खरवडायचा. शेवटी सगळं स्वच्छ धुवायला गोडं पाणी हवं होतं. मी मागितलं नाही. मला तोंडच नव्हतं. नातालीनने आतून पिण्याचा हंडा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. शेजारच्या ओटीवरची म्हातारी ओरडली, “अगो, त्या मोटरला पुन्ना पानी?”

नातालीनने तिकडे न बघता उत्तर दिलं, “हां. पुन्ना.”

नवं गॅस्केट बसवलं. बोल्टांना ग्रीस लावून आवळले, मधून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, म्हणजे हेड वाकडं बसत नाही. जेवणात बोंबलाचं कालवण होतं. मी जेवलो. दोन्ही झालं होतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी भरतीला आम्ही निघालो. मी बरोबर गेलो. ड्रममध्ये चाललेल्या मोटरवर माझा आता विश्वास नव्हता. हिला ओझं ओढताना बघायचं होतं. होडीत डोलीचा ढीग, दोर, इनास, त्याचा चुलतभाऊ आणि मी.

किनाऱ्यापासून थोडं पुढे आलो आणि इनासने मान वळवून धार बघितली. त्याचा चेहरा उतरला. “मिस्तरी! धार बारीक झाली!”

करंगळीएवढी होती.

“तीच खरी,” मी म्हणालो.

“न्हाय, पयली कशी होती! आता बघ, पोराची वाटते!”

“ती मोठी होती कारण पाण्याला दुसरी वाट नव्हती. आता आत जातंय. चालवा.”

त्याला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नव्हतं, खरं सांगतो. मी झाकण उघडं ठेवून गुडघ्यावर बसलो होतो. हात समुद्रात बुडवून थेंब टाकत होतो. खालच्यावर, वरच्यावर. थेंब ओघळत होते. ज्या टप्प्यावर मोटर दमायची तिथे पोचलो. मी थेंब टाकला. ओघळला. आणखी पुढे. ओघळला.

खुंटांपाशी एक होडी आधीच थांबली होती. इनासच्या आळीतलाच माणूस, दोर हातात घेऊन, वाट बघत. त्याला नियम माहीत होता, वेळही माहीत होती. आमची मोटर ऐकून त्याने मान वर केली.

“चालली वाटते म्हातारी,” तो म्हणाला.

“चालली,” इनास म्हणाला. “तुजा दोर काड.”

त्याने दोर गुंडाळला. थोडा सावकाश गुंडाळला, पण गुंडाळला. इनासने पहिला दोर आपल्या आजोबाच्या खुंटाला घातला तेव्हा मोटर मागे मंद चालत होती. मी वरच्या सिलिंडरवर तळहात ठेवला आणि तिथेच ठेवून दिला.

सोमवारी मी कामावर गेलो. शेठ काउंटरमागे होते.

“चालली?”

“चालली.”

“धार?”

“बारीक.”

शेठनी चष्मा काढून पुसला. “मग काय होतं आत?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. सूचना माझी होती हेही सांगितलं. पण माफी मागितली नाही. माफी जिची मागायची होती तिची मागून झाली होती, आणि तिने ती मिसाला ठेवायला सांगितली होती. शेठना मी एवढंच म्हणालो की यापुढे मी कुणालाही ड्रम सांगणार नाही.

“मग काय सांगणार? कंपनीच्या पुस्तकात ड्रम आहे.”

“मोटर थंड झाली की वरचा पाण्याचा प्लग उघडायचा आणि नरसाळ्याने एक कळशी गोडं पाणी सोडायचं. खालून निघून जाईल. एक कळशी कुणाच्याही घरात निघते.”

“पुस्तकात नाही ते.”

“नाही.”

“मोटरला काही झालं तर?”

“माझं नाव सांगा.”

शेठनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “त्या दिवशीची रजा बिनपगारी आहे.” मी म्हणालो, ठीक आहे.

पुढे कितीतरी वर्षं मी मोटरी विकल्या आणि उघडल्या. पुस्तकं बदलली, नव्या मोटरींना धुण्यासाठी नळीचं तोंड यायला लागलं. कंपनीचे तरुण इंजिनीअर ट्रेनिंगला यायचे आणि म्हणायचे, कदमसाहेब, कळशी ही काही पद्धत नाही. गिऱ्हाईक मोटर घ्यायला आलं की ते सगळे त्याला हॉर्सपॉवर विचारायचे, होडीची लांबी विचारायचे. मी शेवटपर्यंत पहिला प्रश्न एकच विचारला, आणि आजही कुणी फोन केला तर तोच विचारतो.

तुमच्याकडे प्यायचं पाणी कुठून येतं?